कधी दिवस गेले होते का?

कोरोनाच्या दिवसांबद्दल आता लोक हसत बोलतात. काढा पिऊन पिऊन तोंड कसं कडू झालं होतं, पोलिसांनी चौकात कुणाला उठाबशा काढायला लावल्या, कुणाचं लग्न कसं गुपचूप उरकलं. मीही हसते. पण परवा ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, तुमचं ते प्लाझ्माचं काय झालं होतं वो?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. आमच्या गल्लीत त्या गोष्टीचे तीन-चार प्रकार फिरतात आणि त्यातला एकही माझा नाही. तेव्हा एकदाचं मीच लिहून टाकते. कुणाला उपयोग झाला तर झाला.

मी शोभा. जळगाव जामोदला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत राहते आणि बायकांचे कपडे शिवते. माहेर सुलतानपूरचं, लोणारकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मूल नाही. घर एकच होतं, हे गेल्यावर मधून भिंत घातली. पलीकडे धाकटा दीर प्रकाश, त्याची बायको लता आणि त्यांची दोन मुलं. प्रकाश वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पिकवायचा आणि स्वतःच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून बाजाराला न्यायचा. मागच्या अंगणात ती भिंत छातीएवढीच आहे, त्यामुळे भांडताही येतं आणि भाजीची वाटीही देता येते. आम्ही दोन्ही करायचो.

लता वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. पण तिच्या मुलांबद्दल मी काही बोलायला गेले की ती म्हणायची, "तुमाले नाई समजणार ताई. तुमाले लेकरू नाई ना." कुणाच्या घरी बारसं किंवा ओटीभरण असलं की मला पोळ्या लाटायला बोलावणं यायचं. ओटी भरायची वेळ झाली की कुणीतरी म्हणायचं, शोभाताई, जरा चुलीवरचं पाहून या. हे वारल्यावर तसं झालं असं नाही, हे असतानाही तसंच होतं. मला त्याची सवय झाली आहे असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि ते साफ खोटं होतं.

०

दुसरी लाट आमच्याकडे बाकीच्या महाराष्ट्राच्या आधीच आली. थंडी सरत होती. एका सकाळी मी मशीनला तेल घातलं आणि मला वास आला नाही. त्या तेलाचा वास माझ्या बोटांना, साड्यांना, उशीलासुद्धा असतो. मी बाटली नाकाशी धरली. काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली. तेही नाही. मी खाली बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात नाकात काडी घातली आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. फोनवरच्या मुलाने माझं नाव, वय विचारून घेतलं आणि "पॉझिटिव्ह आहात" असं सांगितलं. घरी आणखी कोण आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "बरं झालं." त्याच्या दृष्टीने बरंच होतं. मला मात्र ते बोलणं फार लागलं.

मी भिंतीपाशी जाऊन लताला सांगितलं. तिने आधी मुलांना आत ओढलं, मग स्वतः दोन पावलं मागे झाली आणि तिथूनच म्हणाली, "ताई, तुमी अंगणात येऊ नका बरं आता." मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं. तरी राग आला. तापात राग फार लवकर येतो.

तीन-चार दिवसांनी दम लागायला लागला. बोटाला लावायचा चिमटा प्रकाशने कुठूनतरी आणून भिंतीवर ठेवला होता. त्यातला आकडा मी ओरडून सांगितला तसा तो गाडीची किल्ली घेऊन आला. अँब्युलन्सची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. लता दारातून म्हणाली, "समोर बसवू नका हो त्यायले." म्हणून मी मागे बसले, वांग्यांच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये, गोधडी पांघरून. बुलढाणा काही जवळ नाही. वाटेभर प्रकाश केबिनच्या मागच्या खिडकीतून ओरडून विचारत होता, "वयनी, हायेत ना?" मी कॅरेटवर हात आपटायचे. बोलायला दम नव्हता. नांदुऱ्याला फाटकात रेल्वेसाठी थांबलो तेव्हा तो खाली उतरून मागे आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चेहरा तं चांगला हाय तुमचा." तो खोटं बोलत होता, आणि मला बरं वाटलं.

०

दवाखाना नवाच होता. मुळात बायकांच्या बाळंतपणासाठी बांधलेला, पण तिथे एकही बाळंतपण व्हायच्या आत कोरोना आला. आमच्या वॉर्डाच्या भिंतींवर बाळाला दूध पाजणाऱ्या बायांची चित्रं होती, पहिलं दूध फेकू नका असं लिहिलेलं. माझ्या खाटेच्या बरोबर समोर तसलं एक चित्र. ऑक्सिजनचा मास्क लावला की मान फार फिरवता येत नाही, तेव्हा मी दिवसभर तेच पाहायचे. त्या चित्रातल्या बाईच्या ब्लाउजचा गळा चुकलेला होता. तो कसा दुरुस्त करता येईल याचा मी पुष्कळ विचार केला. दुसरा कसला विचार करायचा नव्हता.

तिथे आम्हाला नावं नव्हती. चहा आणणारी मावशी गावाच्या नावाने हाक मारायची. "ओ जळगाव, उठा. ओ चिखली, चहा घ्या." शेजारची चिखली माझ्याहून म्हातारी होती. तिला रोज मुलांचे फोन यायचे. फोन कानाला धरून ती नुसती हं हं करायची आणि ठेवल्यावर रडायची. मला वाटायचं, हिला काय झालं रडायला. एका सकाळी तिच्या खाटेवर नवी चादर होती आणि मावशीने त्या दिवशी चिखली अशी हाक मारली नाही. मी विचारलंही नाही.

माझा फोन क्वचित वाजायचा. सुलतानपूरहून भाऊ बोलायचा, पण नाकाबंदीमुळे यायची सोय नव्हती. प्रकाश संध्याकाळी बाजार आटोपला की एकदा करायचा. "जेवल्या का? काय होतं भाजीले?" एवढंच. दिवसभरात तेवढं बोलणं. मी वांग्याची भाजी होती असं सांगायचे, कारण ते ऐकून तो हसायचा. खरं तर चव कशालाच लागत नव्हती.

भीती मरणाची नव्हती असं मी म्हणणार नाही. होतीच. पण त्याहून जास्त मला असं वाटायचं, की मी मेले तर कुणाचं काही अडणार नाही. चार-दोन ब्लाउज अर्धवट राहतील. हे मी रडक्या सुरात लिहीत नाही. तेव्हा खरंच तसं वाटत होतं आणि जे त्यातून जात असतील त्यांना कळावं, की असं वाटतं. आपल्याला एकट्यालाच वाटतं असं नाही.

एक चांगली गोष्ट सांगते. माझे केस लांब होते आणि इतके दिवस न विंचरल्यामुळे त्यांचा गुंता झाला होता. एका दुपारी ती मावशी हातमोजे घालून माझ्यामागे बसली आणि तिने केस सोडवून वेणी घातली. तसं करायची परवानगी नव्हती. "कोणी आलं तं सांगजा, ताप पाहून राह्यली होती म्हणून," असं म्हणाली. वेणी वाकडी झाली होती. मी ती घरी येईपर्यंत सोडली नाही.

०

घरी आल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. दवाखान्यात निदान खोकणारी माणसं आजूबाजूला होती. इथे मी मशीनसमोर बसायचे आणि कुणी यायचं नाही. आजार गेला होता, पण लोकांच्या मनात मी अजून तशीच होते. ज्या आल्या त्या कापड उंबऱ्यावर ठेवून गेल्या. माझ्या हातचं ब्लाउज दोन दिवस उन्हात टाकून मग घालतात असं मला एकीनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमी राग नका मानू." लता भिंतीवर ताट ठेवायची आणि "ताई, ताट" म्हणून आत जायची. ताट घासून परत ठेवलं की ती ते पुन्हा घासायची. तो आवाज मला ऐकू यायचा.

प्रकाश मात्र भिंतीला टेकून उभा राहायचा. बोलायला काही विशेष नसायचं. मिरचीचा भाव, पाणी, पोराचा अभ्यास. पण तो उभा राहायचा.

०

ऊन तापायला लागलं तेव्हा प्रकाशला ताप आला. पाच-सहा दिवसांत त्याला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. लता तिकडेच होती, मुलं तिच्या आईकडे. आणि एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. उंबऱ्याच्या आत. मी घरी आल्यापासून पहिल्यांदा.

"ताई, प्लाझ्मा मांगून राह्यले डॉक्टर. ज्याले होऊन गेला त्याचा लागते म्हणे. तुमाले होऊन गेला." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "कोठीच भेटून नाई राह्यला, ताई."

आता कुणी विचारेल म्हणून सांगते. आजार होऊन गेला की रक्तात त्याच्याशी लढणारी द्रव्यं तयार होतात, त्यांना अँटिबॉडी म्हणतात. ज्यांच्यात त्या भरपूर आहेत त्यांच्या रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काढून दुसऱ्या रोग्याला द्यायचा, असा तेव्हा उपाय होता. माझा रक्तगट एबी. या गटाचं रक्त फारसं कुणाच्या कामी येत नाही, पण प्लाझ्मा मात्र कोणत्याही गटाच्या माणसाला चालतो. लताने हे सगळं दवाखान्यात विचारून पाठ केलं होतं. माझा रक्तगटही तिला माहीत होता. दहा-बारा वर्षांत तिने माझ्याबद्दल इतकी माहिती कधी काढली नव्हती.

मी लगेच पायात चपला घातल्या. प्रकाशची काळजी होती. आणि त्याच वेळी मी खूश होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. माझ्याजवळ असं काहीतरी होतं, जे कुणाला हवं होतं.

गाडी लताचा भाऊ चालवत होता. या वेळी मला समोर बसवलं, दोघांच्या मध्ये. लताचा खांदा अकोला येईपर्यंत माझ्या खांद्याला लागून होता. खामगावला तिने मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. "तुमी प्या. ताकद पायजे," म्हणाली.

०

रक्तपेढीत गर्दी होती. सगळे कुणाच्या ना कुणाच्या जिवासाठी आलेले, आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. माझं वजन घेतलं. ते भरपूर भरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाने कुणाला आनंद झाला. मग नमुना घेतला आणि अँटिबॉडी किती आहेत ते कळेपर्यंत थांबायला सांगितलं. पुष्कळांच्या कमी निघत होत्या. आमच्या आधीचा एक धडधाकट माणूस 'पुरेशा नाहीत' ऐकून परत गेला. त्याच्याबरोबरची माणसं त्याच्यावर चिडली होती. जणू त्याने मुद्दाम कमी ठेवल्या.

मी मनात मोजल्यासारखं करत होते. आजार मोठा झाला होता, म्हणजे असतील. त्या वॉर्डातल्या सगळ्या दिवसांचं काहीतरी रक्तात जमा झालं असेल.

दुपारनंतर आत बोलावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, डोळे थकलेले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "मावशी, चांगल्याच आहेत तुमच्या अँटिबॉडी. बऱ्याच दिवसांत एवढ्या पाहिल्या नाहीत."

लताने माझा हात धरला. घट्ट. तिचा हात घामाने ओला होता. "झालं ताई," ती म्हणाली. "झालं आता."

"थोडी माहिती हवी," डॉक्टर म्हणाल्या. साखर, बीपी, औषधं, मागे कधी रक्त चढवलं का. मी नाही नाही म्हणत गेले. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "कधी दिवस गेले होते का?"

मी उत्तर द्यायच्या आत लता बोलली. "नाई नाई, डॉक्टरबाई. यायले लेकरू नाईच. कधी राह्यलंच नाई. साऱ्या गावाले माहीत हाय." ती आनंदाने बोलत होती. बाहेर बसलेल्या बायकांकडून तिने ऐकलं होतं की बाळंत झालेल्या बायांचा घेत नाहीत. जे इतकी वर्षं माझं उणं होतं ते आज कामाला येत होतं. तिला मला टोमणा मारायचा नव्हता. ती माझं कौतुक करत होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही सांगा. बाळंतपण झालं पाहिजे असं नाही. मधेच गेलेलं असलं तरी सांगायचं."

मी विचारलं, "राहिलं असेल तर काय होतं?"

"पोटात मूल राहिलं की आईच्या रक्तात त्याच्याविरुद्धही अँटिबॉडी तयार होऊ शकतात," त्या म्हणाल्या. "तो प्लाझ्मा दिला तर एखाद्या रोग्याच्या फुप्फुसाला त्रास होतो. आणि यांची फुप्फुसं आधीच खराब आहेत. म्हणून आम्ही घेतच नाही."

लताचा हात माझ्या हातावरच होता.

खरं सांगायचं तर मी गप्प राहू शकत होते. जिवंत माणसांत कुणालाही माहीत नव्हतं. डॉक्टर बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. मला कॅरेटांमध्ये पडलेली मी आठवत होते, आणि खिडकीतून ओरडणारा प्रकाश.

"राहिलं होतं," मी म्हटलं. "एकदा. तीन महिने भरत आले होते."

०

लग्नाच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. म्हणून फक्त यांना माहीत होतं. सासूबाईंनासुद्धा नाही. दोघंच एकमेकांकडे पाहून हसायचो. मग एका दुपारी, घरचे सगळे शेतात असताना, ते गेलं. यांनी मला सायकलवर बसवून एका म्हाताऱ्या नर्सबाईकडे नेलं आणि घरी ताप आला होता म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आता तरी आईला सांगा. तर म्हणाले, "अजून कोणाले सांगतलंच नाई, तं आता कायले सांगतं?" मला त्या वेळी ते पटलं. दु:ख आपल्यापुरतं ठेवायचं, पुढच्या वेळी सांगू. पुढची वेळ आली नाही.

नंतर लोक वांझ म्हणायला लागले, तेव्हा सांगून काय उपयोग होता. कुणी खरं मानलं नसतं. आमचे हे ते ऐकायचे आणि खाली पाहायचे. एकदाही, एकदाही ते कुणाला म्हणाले नाहीत, की अरे, राहिलं होतं. भला माणूस होता. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे.

०

लताने हात काढून घेतला.

"खोटं बोलून राह्यल्या ह्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "डॉक्टरबाई, खोटं हाय. मी त्या घरातली हावो. असं काही असतं तं मले माहीत नसतं?" मग माझ्याकडे वळली. "द्याचं नाई तं तसं सांगा ना ताई. भ्या वाटते तं तसं सांगा. काऊन असं करून राह्यल्या? त्यायनं तुमाले दवाखान्यात नेलं होतं."

"म्हणूनच सांगून राह्यली," मी म्हटलं. "त्याले काही झालं तं?"

"होऊनच राह्यलं ना त्यायले."

डॉक्टर बाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाल्या, "बरं केलंत." मी त्यांना वेड्यासारखं विचारलं, इतकी वर्षं झाली, अजून कसं राहील रक्तात. त्या म्हणाल्या, "कोरोनाच्या या अँटिबॉडी काही महिन्यांत उतरायला लागतील, मावशी. पोटातल्या बाळाची ती ओळख मात्र कित्येकींच्या रक्तात वर्षानुवर्षं राहते. तुमच्यात असेलच असं नाही. ते इथे तपासत नाहीत." मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगते. प्रकाशसाठी भीती वाटत होती. लताच्या बोलण्याने अंग जळत होतं. आणि तरी, ज्या बाळाची दुनियेत कुणाजवळ काही खूण नाही, त्याची माझ्या रक्तात असेल असं एका डॉक्टरने तोंडाने म्हटलं, हे मला फार मोलाचं वाटलं. असेलच असं नाही, म्हणाल्या होत्या. मी 'असेल' एवढंच घेतलं.

बाहेर लताचा भाऊ म्हणाला, "मंग इतक्या दूर आल्या कायले?" परत येताना मी आपणहून मागे बसले. तो नको म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नांदुऱ्याच्या एका तरुणाचा प्लाझ्मा मिळाला. त्यानंतर प्रकाशने मला एकदा फोन केला. मास्कच्या फुसफुशीत त्याचा आवाज नीट येत नव्हता. मी ओरडले, "प्रकाश, हायेस ना?" तो म्हणाला, "हाव." थोडं थांबून म्हणाला, "लता बोलली तं... मनावर नका घेऊ." मी त्याला खरं काय ते सांगणार होते, पण त्याला धाप लागली आणि फोन दुसऱ्या कुणीतरी बंद केला.

तिसऱ्या दिवशी तो गेला. तिकडेच सगळं उरकलं. लता घरी आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

०

त्यानंतरचे दिवस माझ्या आजारापेक्षा वाईट होते. भिंतीपलीकडे ती रडायची आणि मला जाता येत नव्हतं. एकदा गेले तर तिने दार लावून घेतलं. ताट बंद झालं, ते ठीकच होतं, माझ्या हातात आता बळ होतं. गल्लीत पसरलं, जावेने प्लाझ्मा दिला नाही. कुणी म्हणालं घाबरली, कुणी म्हणालं वाटणीचा राग काढला. एक दिवस आधी मिळाला असता तर वाचला असता, असं लता सगळ्यांना सांगत होती आणि तिचं तसं पक्कं झालं होतं. मलाही काही वेळा तसंच वाटायचं. डॉक्टरांनी बरं केलंत म्हटलं होतं, पण त्या काही रोज शेजारी राहत नव्हत्या.

प्रकाशसाठी मी धड रडलेही नाही. माझं रडणं कुणी खरं मानणार नाही, म्हणून आवरून धरायचे. भाऊ फोनवर म्हणायचा, सुलतानपूरला ये. मी गेले नाही. गेले असते तर पळाली म्हणाले असते.

ज्या बायांना असं कधी कुठे विचारलं जाईल, त्यांना एवढंच सांगते. खरं सांगा. पण सांगितल्यावर सगळं नीट होईल अशी आशा धरू नका.

०

मे महिन्यात एका दुपारी मी दारासमोर जमिनीवर बसून कापड बेतत होते. दारात सावली पडली. लता होती. आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. फार वाळली होती.

"टीव्हीवर सांगून राह्यले," ती म्हणाली. "प्लाझ्मा बंद केला म्हणे सरकारनं. त्यानं काही फरकच पडत नाई म्हणे."

मीही सकाळी ते ऐकलं होतं. "हाव," म्हटलं.

"म्हंजे तुमी देला असता, तरी..."

ती तिच्या परीने मला सोडवायला आली होती, ते मला कळलं. आणि मला इतका राग आला की कात्री हातातून खाली ठेवावी लागली.

"मंग?" मी म्हटलं. "मी खोटं बोलली, पण त्यानं बिघडलं काही नाई, असं सांगाले आली का तू? तसली माफी मले नाई पायजे, लता. तो गेला याचं मलेही दु:ख हाय. पण मी खोटं नाई बोलली."

ती हळूहळू उंबऱ्यावर बसली. बाहेर रस्ता तापलेला होता, माणूस नव्हतं. पुष्कळ वेळ ती आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत होती. मला वाटलं आता उठून जाईल.

"मले मोठ्याच्या वेळेस," ती म्हणाली, "रोज कोणी ना कोणी विचारे. तुमीबी विचारे." मग माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काय खावं वाटे, ताई? तवा."

दिवस गेलेल्या बाईला सगळं गाव विचारतं तो प्रश्न. मी तो दुसऱ्यांना किती वेळा विचारला असेल. ती उत्तराची वाट पाहत होती.

"आंबाडी," मी म्हटलं. "कच्ची."

"कच्ची?"

"हाव. आंबट मांगितलं तं सासूबाईले समजलं असतं. मंग हे शर्टाच्या खिशात पाला लपवून आणत. मी गोठ्यामागं उभी राहून खाओ."

लता हसली. जरासंच. मग पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी सरकून तिच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसले. आणि मीही रडले, प्रकाशसाठी, सगळ्यांसाठी. ती रडता रडताच म्हणाली, "अजून सांगा."

मग मी पहिल्या दिवसापासून सांगितलं. सांगायला फार नव्हतंच, तीन महिन्यांत असतं तरी किती. तरी सांगता सांगता दिवे लागले.